चेन ताणली? मग मागचा ब्रेकही लावून घ्या



दुधाचे कॅन, खताच्या गोण्या वाहणाऱ्या जुन्या गाडीची चेन सैल पडतेच. ती घरी ताणता येते. पण चेन ताणताना चाक मागे सरकतं, ब्रेकचा रॉड मात्र तेवढाच राहतो. त्यामुळे ड्रम ब्रेक आपोआप आवळला जातो. चाक जड फिरतं, ड्रम तापतो, पेट्रोल जास्त लागतं.

असं करा:

1️⃣ इंजिन बंद, गाडी न्यूट्रलमध्ये, डबल स्टँडवर. चालू गाडीच्या चेनला हात लावू नका, बोट जाईल.

2️⃣ कव्हरचं रबरी बूच काढून खालची चेन मधोमध वर-खाली हलवा. साधारण 20 ते 30 मिलिमीटर, म्हणजे इंचभर हलली पाहिजे. चाक फिरवत चार ठिकाणी बघा. जिथे सर्वात घट्ट, तिथलं माप धरा.

3️⃣ एक्सलचे नट सैल करून दोन्ही बाजूंचे ॲडजस्टर सारखेच फिरवा. खुणा जुळल्या नाहीत तर चाक तिरकं बसतं.

4️⃣ नट पक्के आवळा, चेन पुन्हा मोजा.

5️⃣ आता ब्रेक रॉडचा नट फिरवा. पॅडल इंचभर मोकळं हवं, चाक हाताने सहज फिरायला हवं.

⚠️ ओझं लादल्यावर चेन आणखी ताणते, म्हणून फार घट्ट ठेवू नका. ब्रेक दाबल्यावर ड्रमवरचा बाण खुणेपर्यंत पोचत असेल तर लायनर संपले. मेकॅनिककडून बदलून घ्या.

पहिली चक्कर रिकाम्या गाडीने, हळू मारा. ब्रेक नीट लागला, की मगच कॅन लावा.