जुनी मोटारसायकल पुन्हा रस्त्यावर आणताना

गोरव्यातल्या आपल्या कितीतरी सोसायट्यांच्या जिन्याखाली ताडपत्रीखाली झाकलेली एक जुनी मोटारसायकल असते. बाबांनी अलेंबिक, साराभाई किंवा रिफायनरीत नोकरीला असताना घेतलेली. मुले मोठी झाली, घरात कार आली आणि गाडी तिथेच उभी राहिली. आता पन्नाशीच्या आसपास, कर्जे फिटल्यावर आणि मुले बाहेरगावी गेल्यावर आपल्यापैकी अनेकांना ती पुन्हा चालवावीशी वाटते. सोसायटी मात्र जागा मोकळी करायला सांगते आणि भंगारवाला दारात उभा असतो. निर्णय घाईने होऊ नये, म्हणून ही माहिती एकत्र केली आहे.

आधी कागद, मग पाना

खर्चाला हात घालण्यापूर्वी आरसी बुक शोधावे. खासगी दुचाकीची नोंदणी १५ वर्षांसाठी असते. त्यानंतर गाडी तपासून ती ५-५ वर्षांसाठी वाढवून मिळते. १ एप्रिल २०२२ पासून या नूतनीकरणाची फी मोटारसायकलसाठी १००० रुपये झाली. २० वर्षांपेक्षा जुन्या गाडीसाठी ती ऑगस्ट २०२५ मध्ये २००० रुपये करण्यात आली. उशिराच्या दर महिन्याला ३०० रुपये जादा, असेही नियमात आहे. म्हणून एकूण आकडा आरटीओत आधीच विचारून घ्यावा. कधीकधी तो दुरुस्तीच्या खर्चालाही मागे टाकतो.

दुसरी अडचण नावाची. अनेक घरांत गाडी अजून वडिलांच्याच नावावर असते आणि वडील हयात नसतात. मालकाच्या निधनानंतर ३० दिवसांत आरटीओला कळवावे आणि ३ महिन्यांत फॉर्म ३१ भरून वारसाच्या नावावर नोंद करावी, असा नियम आहे. वेळ टळून गेली असेल तर मृत्यूचा दाखला आणि इतर वारसांची संमती घेऊन आधी हे काम मार्गी लावावे. इंजिन व चेसिसचे नंबर आरसीशी जुळतात का, तेही स्वतः पाहावे. गाडीचा रंग आरसीत लिहिलेला असतो, त्यामुळे हौसेने रंग बदलला तर त्याची नोंद करावी लागते.

गाडी ५० वर्षांहून जुनी आणि मूळ रूपात असेल तर २०२१ च्या नियमांप्रमाणे तिची ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदणी होऊ शकते. त्याची फी २०,००० रुपये आहे आणि अशी गाडी रोजच्या वापराला चालत नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणे किंवा दुरुस्तीला नेणे, एवढ्यापुरतीच ती रस्त्यावर आणता येते. भाजी आणायला गाडी हवी असेल तर साधे नूतनीकरणच बरे.

आपले लायसन्स तपासा

जुन्या नियमाने लायसन्स २० वर्षे किंवा वयाची पन्नाशी, यांपैकी जे आधी येईल तोपर्यंतच चाले. म्हणजे तरुणपणी काढलेले लायसन्स कदाचित केव्हाच संपले असेल. संपून एक वर्षाहून जास्त काळ लोटला असेल तर पुन्हा चाचणी द्यावी लागते. चाळिशीनंतर वैद्यकीय दाखलाही लागतो. कारच्या लायसन्सवर मोटारसायकल चालत नाही. गिअरच्या दुचाकीचा प्रकार त्यावर वेगळा नोंदलेला असावा लागतो.

दुरुस्तीचा क्रम

लोक रंग आणि क्रोमपासून सुरुवात करतात. आमचे म्हणणे उलटे आहे: आधी गाडी थांबली पाहिजे, मग चालली पाहिजे, मग दिसली पाहिजे. म्हणजे पहिल्यांदा ब्रेक शू, केबल, टायर आणि दिवे. टायरवर चार आकडी शिक्का असतो. पहिले दोन आकडे आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. नक्षी शाबूत दिसली तरी दहा-पंधरा वर्षांचे रबर कडक झालेले असते. ते बदलावेच.

वर्षानुवर्षे उभ्या गाडीला जोरात किक मारू नये. प्लग काढून सिलिंडरमध्ये थोडे ऑइल सोडावे, एक-दोन दिवस थांबावे, मग हाताने हळू फिरवून पाहावे. टाकीतले जुने पेट्रोल काढून गंज साफ करावा, कार्ब्युरेटर उघडून धुवावा. हल्लीच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. ते ओलावा ओढते आणि जुन्या रबरी नळ्या, वॉशर खराब करते. म्हणून नळ्या नव्या घालाव्यात आणि गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर कार्ब्युरेटर रिकामा करावा.

जावा, येझदी, राजदूत, आरएक्स १०० या टू-स्ट्रोक गाड्यांत क्रँकचे ऑइल सील वाळले की बाहेरची हवा आत शिरते, मिश्रण पातळ होते आणि इंजिन तापून जाम होते. हे सील स्वस्त, पण बदलायला इंजिन पूर्ण खोलावे लागते. मैसूरचा आयडियल जावाचा कारखाना १९९६ मध्ये बंद झाला. आरएक्स १०० चे उत्पादनही त्याच साली थांबले. त्यामुळे काही भाग जुने शोधावे लागतात, काही करून घ्यावे लागतात. इथे आपले गोरवेकरांचे नशीब चांगले आहे: बीआयडीसीत लेथवर बुश, पिन, स्पेसर काढून देणारे कारीगर हाकेच्या अंतरावर आहेत. नमुन्याचा जुना भाग मात्र कधी फेकू नये.

शरीराची सवय वेगळी, गाडीची वेगळी

जुन्या बुलेटचा गिअर उजव्या पायात आणि ब्रेक डाव्या पायात असतो. जावा-येझदीत किक आणि गिअरचा दांडा एकच. पंचवीस वर्षे कार किंवा स्कूटर चालवलेल्या माणसाचा पाय ऐन वेळी चुकीच्या बाजूला दाबला जातो, आणि धोका नेमका तिथे आहे. शिवाय टू-स्ट्रोक गाडी गिअर उतरवून फारशी आवरत नाही, ड्रम ब्रेकला जास्त अंतर लागते आणि आजूबाजूची रहदारी मात्र डिस्क ब्रेकची असते. आपले डोळे आणि गुडघेही पूर्वीचे नाहीत.

म्हणून पहिले काही दिवस मोकळ्या मैदानात फक्त थांबण्याचा सराव करावा. नंतर रविवारी पहाटे सेवासीवरून महीकाठच्या सिंधरोटपर्यंत. पावागड पुढे आहेच. आयएसआयचे हेल्मेट चालवणाऱ्यालाही आणि मागे बसणाऱ्यालाही.

घरच्यांसाठी

घरच्यांची काळजी रास्त असते. ‘माझ्यावर विश्वास नाही का’ म्हणण्यापेक्षा नवे टायर, चालू लायसन्स आणि विमा दाखवावा. हिशेब जमत नसेल, गुडघा साथ देत नसेल, तर गाडी भंगारात न घालता दुरुस्त करणाऱ्या हौशी माणसाला रीतसर नावावर करून द्यावी. त्यातही बाबांचा मान राहतो.

आणखी एक गोष्ट. कलाभवन १८९० मध्ये सुरू झाले तेव्हापासून हाताने यंत्र समजून घेणे ही बडोद्याची रीत आहे. पॉइंटचे अंतर कानाने आणि पत्रीने जुळवणारे मिस्त्री आता साठी-सत्तरीत आहेत. गाडी त्यांच्याकडे नेताना मुलाला, मुलीला किंवा नातवंडाला सोबत न्यावे आणि ते काय करतात ते वहीत लिहून ठेवावे. सुटे भाग पुन्हा घडवता येतील. ते भाग कसे बसवायचे हे सांगणारा माणूस नेहमी मिळणार नाही.