आभाळवाट : भाग ७
कमी उडालेलं विमान

मागच्या भागात परवाना हाती आला. अमेरिकेत खासगी वैमानिकाच्या परवान्यासाठी किमान ४० तासांच्या उड्डाणाची अट आहे. मला ६२ तास लागले. त्यानंतर क्लबचं विमान भाड्याने घेऊन वर्षभर उडालो आणि मग एका मित्राबरोबर भागीदारीत स्वतःचं विमान घ्यायचं ठरवलं. नाशिकच्या भाच्याला फोनवर सांगितलं, १९७९ चं सेस्ना १७२ बघतोय. तो दचकलाच. "मामा, एवढं जुनं?"

हा प्रश्न सगळेच विचारतात, म्हणून आधी त्याचं उत्तर देतो. सेस्ना १७२ हे १९५६ पासून विकलं जाणारं चार आसनी विमान. आजवर ४४ हजारांहून अधिक तयार झाली. इतकी दुसऱ्या कुठल्याही विमानाची झालेली नाहीत. पण अपघातानंतर उत्पादकावर भरपाईचे दावे इतके वाढले, की १९८६ मध्ये कंपनीने त्याचं उत्पादनच थांबवलं. १९९४ च्या कायद्याने छोट्या विमानांच्या उत्पादकांची जबाबदारी १८ वर्षांपुरती मर्यादित केली, तेव्हा कुठे १९९६ मध्ये कारखान्यातून पुन्हा ही विमानं निघू लागली. नव्या विमानाची किंमत पगारदार माणसाला परवडणारी नाही. त्यामुळे आमच्यासारखे लोक सत्तरच्या दशकातली विमानं घेतात. केवळ जुनं म्हणून विमान धोक्याचं ठरत नाही, कारण दर बारा महिन्यांनी अधिकृत मेकॅनिक झाकणं उघडून पत्रे, तारा, नियंत्रणं, इंजिन तपासतो आणि लॉगबुकात सही करतो. सही नसेल तर विमान जमिनीवर.

भाच्याचं समाधान झालं. मग मी म्हटलं, "गेल्या वीस वर्षांत फक्त तीनशे तास उडालंय." तो खूश झाला. "मग विचार काय करतोस? घेऊन टाक!"

इथेच बहुतेकांची फसगत होते, आमचीही होणार होती. जुनी मोटार घेताना आपण काय ऐकतो? डॉक्टरांची गाडी आहे, एकहाती वापर, रनिंग अगदी कमी. मोटारीच्या बाबतीत ते ठीक असेल. विमानाच्या इंजिनाचं नेमकं उलटं आहे. आजीच्या स्वयंपाकघरातला लोखंडी तवा आठवा. रोज चुलीवर चढणारा तवा काळाभोर आणि गुळगुळीत असायचा; माळ्यावर टाकलेला पावसाळ्याअखेर तांबूस होऊन खाली यायचा.

इंजिनात हेच कसं घडतं, ते सांगतो. पेट्रोल जळतं तेव्हा धुराबरोबर पाण्याची वाफही तयार होते. त्यातली थोडी पिस्टनच्या रिंगांना चुकवून खाली तेलात उतरते. विमान तासभर उडालं, तेल ऐंशी-पंच्याऐंशी अंश सेल्सिअसपर्यंत तापलं, की हे पाणी उडून नळीवाटे बाहेर जातं. पण महिनोन्महिने विमान हँगरमध्ये उभं आणि मालक मधूनच येऊन दहा मिनिटं इंजिन चालू करून बंद करतो, असं झालं तर? पाणी तयार होतं, उष्णता मात्र पुरत नाही. मालकाला वाटतं आपण इंजिनाची काळजी घेतोय. प्रत्यक्षात तो आत पाणी भरत असतो.

या विमानांत बहुधा लायकमिंग कंपनीचं इंजिन असतं. त्याचा कॅमशाफ्ट, म्हणजे झडपा उघडणारा दांडा, क्रँकच्या वरच्या बाजूला बसवलेला आहे. खालच्या तेलात तो बुडत नाही. चालू इंजिनातलं उडणारं तेल हेच त्याचं वंगण. इंजिन काही आठवडे बंद राहिलं की ते तेल निथळून जातं आणि पोलादावर मोहरीएवढे गंजाचे ठिपके पडतात. पुढच्या वेळी इंजिन सुरू झालं की त्या ठिपक्यांवरून झडपेला ढकलणारा टॅपेट घासतो, पोलादाचा कडक केलेला वरचा थर सोलला जातो आणि त्याच्या कपच्या तेलात फिरू लागतात. झडप पूर्ण उघडेनाशी होते, ताकद हळूहळू घटते. दुरुस्ती म्हणजे सबंध इंजिन उतरवून दोन भागांत उघडणं. १९७७ ते १९८० च्या १७२ मध्ये जे १६० अश्वशक्तीचं इंजिन होतं, त्याची या दुखण्याबद्दल विशेष ख्याती आहे. आम्ही बघत होतो ते विमान नेमकं त्याच काळातलं.

शनिवारी सकाळी आम्ही मेकॅनिकला घेऊन गेलो. रंग आरशासारखा, आसनांचं कापड नवं. मेकॅनिकने रंगाकडे पाहिलंही नाही. त्याने तेलाचं फिल्टर काढलं, डबा उघडायच्या हत्यारासारख्या कटरने त्याचं टोपण कापलं, आतला घड्यांचा कागद सोडवून पांढऱ्या ताटलीत पसरला आणि बॅटरीचा उजेड तिरका धरला. कागदाच्या घड्यांत अभ्रकासारखं काहीतरी चमकत होतं. त्याने चुंबक जवळ नेलं, तशी ती चमक उठून चुंबकाला चिकटली. एखाददुसरा कण असता तर हरकत नव्हती. हे चिमूटभर होतं. माझा मित्र खिशातलं चेकबुक चाचपत होता, त्याने हात बाहेर काढला.

महिन्याभराने दुसरं विमान पाहिलं. पंखांवरचा रंग उन्हाने फिका पडलेला, आतलं प्लास्टिक तडकलेलं. पण लॉगबुक वाचताना माझा जीव हरखला: दरवर्षी ऐंशी ते शंभर तास, दर पन्नास तासांच्या आत तेलबदल, एकही वर्ष रिकामं नाही. फिल्टरचा कागद स्वच्छ निघाला. मेकॅनिकने वैमानिकाच्या आसनाच्या रुळांची भोकंही मोजली. ती झिजली तर ऐन उड्डाणात आसन मागे घसरू शकतं आणि घाबरलेला वैमानिक आधारासाठी स्टिअरिंगच ओढतो. यातून जीव गेलेले आहेत, म्हणून ही तपासणी सक्तीची आहे. इंजिनाचे ११०० तास झाले होते. कंपनी २००० तासांनी संपूर्ण दुरुस्ती सुचवते, म्हणजे किंमत ठरवताना उरलेले ९०० तासच धरायचे. आम्ही तेच धरले आणि विमान घेतलं.

हँगरचं भाडं, विमा आणि दोन भागीदारांचा हिशेब पुढच्या आठवड्यात. तोवर तुमच्यापैकी कुणी विमान बघायला निघालं असेल, तर विक्रेत्याला फोनवरच विचारा, "फिल्टर कापून बघू द्याल का?" तो नाही म्हणाला, तर जाऊ नका.