घरखर्चाचें एक वर्ष

कोंकणांतील घरांना वर्षाचा हिशेब नवा नाहीं. पनवेल, उरण, पेण या बाजूच्या जुन्या माणसांच्या तोंडीं ‘आगोट’ हा शब्द अद्यापि आहे. मृगाचा पाऊस लागण्यापूर्वीं चार महिन्यांची बेगमी करून ठेवावयाची, ती आगोट. तांदूळ, मीठ, मिरचीचा मसाला, सुकट, सुके बोंबील, चिंच, आमसुलें, पापड, आणि पडवींत रचलेलें कोरडें जळण एवढें घरांत आलें म्हणजे घरधनीण निश्चिंत होई. पावसांत वाटा चिखलानें बंद होत, खाडी खवळलेली असे आणि बाजार गांठणें कठीण जाई; म्हणून माणसें किती, दिवस किती आणि पायल्या किती याचें गणित वैशाखांतच होत असे. हें गणित कागदावर नसे, पण तें पक्कें असे. घरांत काय हवें तें आधीं ठरे आणि बाजार नंतर होई. आज हा क्रम उलटला आहे. बाजार आधीं दिसतो, आणि काय हवें तें त्याला पाहून आपण ठरवितों.

पनवेल हें तसें जुनें व्यापारी गांव. येथें १८५२ सालींच नगरपालिका स्थापन झाली. २०१६ सालीं तिची महानगरपालिका झाली. गांव वाढलें तसा बाजारहि वाढला, आणि पुढें तर तो हातांतल्या मोबाईलमध्यें येऊन बसला. अशा दिवसांत कांहीं कुटुंबें असा निश्चय करितात कीं, एक वर्षभर अनावश्यक म्हणून एकहि खर्च करावयाचा नाहीं. हा निश्चय आम्हांस चांगला वाटतो; परंतु त्याच्यामागें नीट विचार नसेल तर तो दोन महिन्यांत मोडतो, किंवा त्याहून वाईट म्हणजे, तो घरांतील भलत्याच माणसाच्या माथीं बसतो. म्हणून त्याचा थोडा खोलांत शिरून विचार करूं.

पहिला प्रश्न असा कीं, घराचा पैसा जातो तरी कोठें? या प्रश्नाचें लोकप्रिय उत्तर ‘लग्नांत आणि सणांत’ असें आहे. पुणें जिल्ह्यांत सुपें येथें १२ मे १८७५ रोजीं शेतकऱ्यांनीं सावकारांच्या घरांवर हल्ला करून कर्जरोखे जाळले, आणि तो वणवा पुणें व नगर जिल्ह्यांतील अनेक गांवांत पसरला. सरकारनें चौकशीसाठीं आयोग नेमला. कुणबी लग्नांत उधळपट्टी करितो म्हणून बुडतो, असें त्या काळीं पुष्कळ अधिकारी मानीत. आयोगानें मात्र निराळा निष्कर्ष काढला. लग्नखर्चाला कर्जाचें कारण म्हणून वाजवीपेक्षां अधिक महत्त्व दिलें जातें; पोटासाठीं धान्य, पेरणीसाठीं बियाणें, बैल आणि सरकारी सारा यांसाठीं पुनःपुन्हां काढावी लागणारीं लहान लहान कर्जेंच एखाद्या लग्नापेक्षां शेतकऱ्याला अधिक बुडवितात, असा त्याचा आशय होता. या अहवालाचा परिणाम म्हणून १८७९ सालीं दक्षिणेतील शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा झाला.

यानंतर जवळपास अर्ध्या शतकानें मुंबईच्या गिरणगांवांत अशीच एक मोजणी झाली. तिचा अहवाल १९२३ सालीं प्रसिद्ध झाला. कामकऱ्यांच्या कुटुंबांत शंभर रुपयांतील सुमारें ५७ रुपये अन्नावर जात होते. भाडें, कपडा, जळण व दिवाबत्ती मिळून सुमारें २५. आणि उरलेले अठराएक रुपये बाकी सगळ्यासाठीं. त्या कुटुंबांपैकीं ४७ टक्के कर्जांत होतीं. व्याजाचा रूढ दर दरमहा रुपयास एक आणा असा होता. विद्यार्थ्यांनीं हें गणित स्वतः करून पाहावें: महिन्यास एक आणा म्हणजे वर्षास बारा आणे; सोळा आण्यांच्या रुपयावर बारा आणे म्हणजे शेंकडा ७५. शंभर रुपये कर्ज काढणाराला वर्षअखेर नुसतें व्याज पंचाहत्तर!

या दोन मोजण्यांवरून दोन गोष्टी ध्यानांत येतात. एक अशी कीं, ज्याच्या शंभरांतील ५७ रुपये पोटाला जातात त्याला काटकसरीचा उपदेश करणें हें केवळ निर्दयपणाचें आहे. त्याच्या खर्चांत छाटण्यासारखी फांदीच नाहीं. त्याला हवी ती वाजवी मजुरी आणि स्वस्त दरानें कर्ज. हा लेख त्याच्यासाठीं नाहीं. ज्यांच्या घरीं महिनाअखेर कांहीं उरावयास हवें, पण उरत नाहीं, अशा आमच्यासारख्या मध्यम स्थितींतील घरांसाठीं तो आहे. दुसरी गोष्ट अशी कीं, पैसा मोठ्या दारानें जातो असें आपणांस वाटतें, कारण मोठें दार दिसतें. पण रांजण बहुधा बारीक चिरेनेंच रिकामा होतो.

आजच्या घरांतील ही चीर कोणती? समजा, एका घरांत रोज तीस रुपयांचें फरसाण किंवा वेफर येतात. तीस रुपयांकडे कोण पाहतो? परंतु ३६५ दिवसांचे ते १०,९५० रुपये होतात. रोख पैसे मोजतांना हात थोडा तरी अडखळत असे. नोट सुटी करावी लागे, आणि पाकीट हलकें झालेलें कळे. २०१६ सालापासून मोबाईलवरून थेट बँकेंतील पैसा देण्याची सोय झाली. ती सोय उत्तम आहे, भाजीवालीपासून रिक्षावाल्यापर्यंत सर्वांस तिचा लाभ झाला आहे. पण तिनें तो अडखळणारा क्षण नाहींसा केला. तीच गोष्ट हप्त्यांची. बिनव्याजी हप्ता म्हणून जी जाहिरात होते तिच्याविषयीं रिझर्व्ह बँकेनें २०१३ सालींच स्पष्ट केलें कीं, शून्य टक्के व्याज अशी वस्तु वास्तविक नसतेच. तें व्याज किंमतींत किंवा शुल्कांत कोठें तरी दडविलेलें असतें. क्रेडिट कार्डाची बाकी थकली तर पुष्कळ ठिकाणीं दरमहा साडेतीन टक्क्यांच्या आसपास आकार पडतो, म्हणजे वर्षास शेंकडा ४२. गिरणगांवांतील कर्जाच्या व्याजाला आपण नांवें ठेवितों. कार्डाचें व्याज त्याच्या निम्म्याहून अधिकच आहे, एवढें लक्षांत असूं द्यावें.

तर मग वर्षाचा आरंभ कसा करावा? खर्च बंद करून नव्हे, तर तो लिहून. जपानमध्यें १९०४ सालीं हानी मोतोको नांवाच्या वृत्तपत्र-लेखिकेनें घरच्या जमाखर्चासाठीं ‘काकेइबो’ नांवाची वही प्रसिद्ध केली. पुढें १९२१ सालीं तिनें पतीसह तोक्यो येथें शाळाहि काढिली. अशा वह्या तेथील गृहिणी अजून वापरतात. तिच्या पद्धतींतील मर्म साधें आहे: महिन्याच्या आरंभीं मिळकतींतून निश्चित खर्च आणि शिल्लक बाजूला काढावी, उरलेल्यांत महिना चालवावा, आणि जें लागेल तें हातानें लिहावें. आपल्याकडील व्यापाऱ्यांच्या पेढींत रोजकीर्द आणि खतावणी शतकानुशतकें आहेत. दुकानाला जी शिस्त आवश्यक वाटली ती घराला वाटली नाहीं, याचें आम्हांस नवल वाटतें.

पहिला एक महिना कांहींहि न बदलतां नुसतें लिहावें. या महिन्यांत कोणी कोणास दोष देऊं नये. नाहींतर खर्च लपविले जातात आणि वही खोटी होते. हें काम विद्यार्थ्यांनीं अंगावर घ्यावें असें आम्ही सुचवितों. आठवीच्या मुलास किंवा मुलीस बेरीज-वजाबाकी येते, अक्षर वळणदार असतें, आणि घरांतील कोणाची बाजू घेण्याचें त्याला कारण नसतें. (स्वतःच्या खाऊचा खर्च मात्र त्यानें वगळूं नये.) दुसऱ्या महिन्याच्या आरंभीं सर्वांनीं एकत्र बसून वही वाचावी, आणि प्रत्येक खर्चापुढें विचारावें: हा झाला नसता तर आज कोणास त्याची आठवण झाली असती काय? बऱ्याच रकमांपुढें सगळे गप्प बसतील. जी वस्तु आली होती हेंच कोणास आठवत नाहीं, ती वर्षभर न आणण्यास कोणाची हरकत असणार?

येथपर्यंतचें काम सोपें आहे. अवघड भाग पुढें आहे, तो असा कीं, अनावश्यक काय हें ठरवावयाचें कोणी? बापानें एकट्यानें ठरविलें तर आईची वेणी, आजीची पंढरीची वारी आणि मुलीची चित्रकलेची पेटी हीं अनावश्यक ठरतात, आणि त्याचा स्वतःचा दोनदां होणारा टपरीवरील चहा आवश्यक ठरतो. आपल्या समाजांत घरची बाई सर्वांच्या मागून जेवते. तशीच काटकसरींत ती सर्वांच्या आधीं पुढें होते. तिचा दुखरा दांत ‘पुढच्या महिन्यांत’ दाखवावयाचा राहतो, चष्म्याचा नंबर बदलूनहि जुनीच कांच चालते. वहीला ही बचत म्हणून दिसेल, परंतु ती बचत नव्हे, तें कर्ज आहे; आणि तें एका माणसाच्या शरीरावर काढलेलें आहे. म्हणून वर्षाच्या आरंभीं जी यादी करावयाची तींत औषधपाणी, शाळेची फी, पुस्तकें आणि पोटभर जेवण यांस हात लावावयाचा नाहीं, हें प्रथम लिहावें. आणि घरांतील प्रत्येक माणसाला, अगदीं लहानासहि, विचारल्यावांचून तोडतां येणार नाहीं असा एकेक आवडीचा खर्च ठेवावा. रुक्ष निश्चयापेक्षां असा निश्चय अधिक टिकतो.

दुसरी चूक पुष्कळ घरांत होते ती दुसऱ्याच्या पोटावर काटकसर करण्याची. पावसाळ्यांत पनवेलच्या बाजारांत कातकरी आणि ठाकूर बाया टाकळा, शेवळें, भारंगी अशा रानभाज्या घेऊन येतात. पहांटे रान तुडवून आणलेल्या जुडीमागें पांच रुपये कमी करून घेणारा गृहस्थ संध्याकाळीं मोठ्या दुकानांत छापील किंमत निमूटपणें देतो. कामवालीची पगारवाढ थांबविणें, शिवणाराचे पैसे लांबविणें, हींहि याच जातीचीं. वर्ष जर आपलें आहे, तर त्याची झीजहि आपणच सोसावी.

लग्नखर्चाविषयीं १८७५ च्या आयोगाचें मत आम्ही वर दिलें आहे. तरी आपल्या भागापुरती त्यास एक पुरवणी जोडणें अवश्य आहे. १९७० सालीं नवी मुंबईसाठीं ठाणें, पनवेल व उरण तालुक्यांतील ९५ गांवांची जमीन घेण्याचें ठरलें. पुढें १९८४ च्या जानेवारींत जासई परिसरांत शेतकऱ्यांवर गोळीबार झाला, पांच जण प्राणांस मुकले, आणि दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालील त्या लढ्यांतून साडेबारा टक्के विकसित भूखंडांची योजना आली. एवढें मोल देऊन जो पैसा किंवा भूखंड घरांत आला त्याचा स्वभाव शेताच्या स्वभावाहून वेगळा आहे. भाताचें खाचर दर वर्षीं पीक देतें, आणि एका वर्षीं उधळपट्टी झाली तरी दुसऱ्या वर्षीं तें पुन्हां देतें. भरपाईचा पैसा एकदांच येतो. हळदीच्या एका रात्रींत मंडप, वाद्यें आणि जेवणावळी यांवर तो उडाला तर त्याच्या जागीं दुसरें पीक उभें राहत नाहीं. आनंद करूं नये असें आम्ही म्हणत नाहीं. हळदीचीं गाणीं गावयास पैसा पडत नाहीं, आणि तीं गाणाऱ्या बाया अजून गांवोगांव आहेत. जोतीराव फुले यांच्या सत्यशोधक समाजानें १८७३ सालींच अल्प खर्चाचीं लग्नें लावून दाखविलीं. अडचण पैशाची नसून ‘लोक काय म्हणतील’ याची असते, आणि म्हणून एकट्या घरास ती सुटत नाहीं. चार घरांनीं मिळून मर्यादा घातली तरच कोणाचें नाक कापलें जात नाहीं.

शिल्लक पाठीशीं असण्याचें महत्त्व आपल्याच जिल्ह्यानें फार कडक रीतीनें पाहिलें आहे. अलिबाग तालुक्यांतील चरी येथें २७ ऑक्टोबर १९३३ रोजीं कुळांनीं खोतांची जमीन न कसण्याचा निश्चय केला. नारायण नागू पाटील त्यांचे पुढारी होते. हा संप १९३९ पर्यंत चालला. सहा वर्षें शेतें ओसाड राहिलीं, आणि माणसांनीं मोलमजुरी करून, लाकडाच्या मोळ्या विकून दिवस काढले. त्यांचा निर्धार टिकला. पण अर्धपोटीं टिकलेला निर्धार होता तो. घरांत दोन-तीन महिन्यांचा खर्च शिल्लक असेल तर माणसास अन्यायाच्या नोकरीला नाहीं म्हणतां येतें, आणि आजारपणांत दागिना मोडावा लागत नाहीं. वर्षाची बचत यासाठीं करावयाची, केवळ आंकडा वाढवून पाहण्यासाठीं नव्हे.

राहिला प्रश्न तो पैसा ठेवण्याचा. अधिक व्याजाच्या लोभानें कोठेंहि ठेवूं नये. पनवेलमधील एका सहकारी बँकेचा परवाना २०२१ सालीं रद्द झाला, तेव्हां ठेवीदारांचे काय हाल झाले तें येथील पालकांस सांगावयास नको. बँकेंतील ठेवीस पांच लाख रुपयांपर्यंत विमा आहे. ही मर्यादा २०२० च्या फेब्रुवारींत एक लाखावरून वाढविण्यांत आली. भिशी विश्वासावर चालते, तिला असा विमा नाहीं. बायकांच्या ओळखीच्या लहान भिशीस आमचा विरोध नाहीं, पण वर्षाची सगळी शिल्लक तींत घालूं नये. टपाल कचेरींत दरमहा शंभर रुपयांपासून आवर्त ठेव सुरू करितां येते, आणि तिची मुदत पांच वर्षांची असते. दहा वर्षें पूर्ण झालेल्या मुलास किंवा मुलीस तेथें स्वतःच्या नांवानें बचत खातें उघडून आपल्या सहीनें तें चालवितां येतें. पांचशें रुपये, जन्मतारखेचा दाखला आणि पालकांची ओळखपत्रें घेऊन जावें. सही मात्र आधीं घरीं दहा वेळां गिरवून एकसारखी करून ठेवावी, कारण पोस्टांतील कारकून ती ताडून पाहतात.