स्थलांतराचा कायदा आणि कुटुंब – लेखांक ५ : जोडीदाराच्या अर्जाला मुदत का हवी?

अमेरिकेत एच-१बी व्हिसावर काम करणारा पुण्याचा किंवा नाशिकचा एखादा अभियंता सुट्टीत गावी येऊन लग्न करतो, तेव्हा त्याची पत्नी एच-४ व्हिसा घेऊन सहसा काही महिन्यांत त्याच्याकडे पोहोचते. त्याच अभियंत्याने ग्रीन कार्ड मिळाल्यानंतर लग्न केले, तर तिला येण्यासाठी काही वर्षे लागू शकतात. म्हणजे तात्पुरत्या मुक्कामाच्या माणसाचा संसार लवकर उभा राहतो आणि कायमच्या वास्तव्याचा हक्क मिळालेल्याचा खोळंबतो. कार्ड मंजूर होण्याआधी लग्न झालेले असेल, तर पत्नीला त्याच्याच अर्जाच्या आधारे कार्ड मिळते. लग्न नंतर झाले, तर तिच्यासाठी नवा अर्ज करून नव्या रांगेत उभे राहावे लागते. म्हणूनच कार्डाची तारीख जवळ आलेल्यांना वकील आधी लग्नाचे बघा असे सांगतात, आणि अमेरिकेतल्या मराठी घरांत मुहूर्ताइतकाच या तारखेचाही विचार होतो. मागील दोन लेखांत नोकरीवर आधारित कोट्याची चर्चा झाली. या आठवड्यात जोडीदाराच्या अर्जाकडे वळू. या प्रतीक्षेचे दोन वेगळे भाग आहेत आणि चर्चेत ते नेहमी एकमेकांत मिसळले जातात. एक भाग कायद्याने विचारपूर्वक ठरवलेला आहे, तो पटो वा न पटो. दुसरा भाग कोणीच ठरवलेला नाही. अर्ज किती दिवसांत निकाली निघावा याचे बंधन कोणावरच नसल्यामुळे तो वाढत गेला आहे. या दुसऱ्या भागाला कायद्याने मुदत घातली पाहिजे, असे माझे मत आहे.

आधी पहिला भाग. अमेरिकी नागरिकाचा पती किंवा पत्नी ‘इमिजिएट रिलेटिव्ह’ या गटात मोडते आणि या गटाला वार्षिक संख्येची मर्यादा नाही. ग्रीन कार्डधारकाची पत्नी मात्र एफ-२ए या गटात जाते. १९९० च्या कायद्याने कार्डधारकांचे जोडीदार आणि अविवाहित मुले यांच्यासाठी मिळून वर्षाला १,१४,२०० जागा ठेवल्या. त्यांतल्या किमान ७७ टक्के, म्हणजे सुमारे ८८ हजार जागा जोडीदार आणि २१ वर्षांखालील मुलांसाठी आहेत. नोकरीच्या रांगेत भारतीयांना जो अनेक वर्षांचा फटका बसतो, तो इथे बसत नाही. एफ-२ए मधल्या तीन-चतुर्थांश जागांना प्रत्येक देशाला सात टक्के ही मर्यादा लागू नाही. त्यामुळे कोणत्या तारखेपर्यंतच्या अर्जांची पाळी आली हे सांगणाऱ्या व्हिसा बुलेटिनमध्ये या गटातली भारताची तारीख बहुतेक वेळा जगाच्या तारखेबरोबरच असते. आपल्याकडे ‘भारतीयांची रांग लांब’ हे वाक्य सरसकट सगळ्या गटांना लावले जाते, म्हणून हे मुद्दाम सांगितले.

दुसरा भाग कोट्यापासून वेगळा काढून दाखवणे एरवी अवघड असते. पण जुलै २०१९ ते मार्च २०२३ या काळात तशी संधी मिळाली. या काळात व्हिसा बुलेटिनमध्ये एफ-२ए गट ‘करंट’ होता. जागा शिल्लक होत्या आणि कागदोपत्री रांगच नव्हती. प्रतीक्षेचे कारण केवळ कोटा असता, तर त्या पावणेचार वर्षांत कार्डधारकांच्या पत्नी झपाट्याने यायला हव्या होत्या. तसे झाले नाही. जोडीदारासाठी करायच्या आय-१३० अर्जावर निर्णय होण्यातच बराच काळ जात होता. पुढे नॅशनल व्हिसा सेंटरकडे फी, डीएस-२६० फॉर्म, आर्थिक हमीचे आय-८६४ आणि मूळ दाखले यांची तपासणी. ‘डॉक्युमेंटरिली क्वालिफाइड’ असा शेरा मिळाला की मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलातल्या वकिलातीत मुलाखतीसाठी पुन्हा थांबणे. त्यातच एप्रिल २०२० मध्ये महासाथीचे कारण देऊन राष्ट्राध्यक्षांनी बहुतेक इमिग्रंट व्हिसांवर बंदी घातली. नागरिकांच्या जोडीदारांना तीतून सूट होती, कार्डधारकांच्या जोडीदारांना नव्हती. बंदी फेब्रुवारी २०२१ मध्ये उठली, तोवर वकिलातींपुढे ढीग साचला होता. एप्रिल २०२३ मध्ये तारीख मागे गेली आणि कोट्याची रांग परत आली. ज्यांना कोटा कधीच लागू नव्हता त्या नागरिकांच्या जोडीदारांचीही सुटका नाही. अलीकडच्या वर्षांत त्यांचा आय-१३० मंजूर व्हायलाच वर्ष किंवा त्याहून अधिक काळ लागलेला आहे, आणि मुलाखतीचा टप्पा त्यानंतरचा.

यावर पहिला आक्षेप येतो तो खोट्या लग्नांचा. केवळ व्हिसासाठी लग्ने लावली जातात हे खरे आहे, आणि ती ओळखणे हा कोणत्याही सरकारचा हक्क आहे. पण तपास करणे आणि अर्ज पडून राहणे या एकच गोष्टी नाहीत. अर्ज बारा महिने प्रलंबित होता याचा अर्थ अधिकाऱ्याने बारा महिने चौकशी केली असा होत नाही. त्यातला बहुतेक काळ तो अधिकाऱ्याच्या टेबलापर्यंत पोहोचण्यातच जातो. शिवाय खोट्या लग्नांसाठी अमेरिकेने १९८६ साली स्वतंत्र कायदा केलेला आहे. देशात प्रवेश करताना लग्नाला दोन वर्षे झालेली नसतील, तर जोडीदाराला सशर्त कार्ड मिळते. दोन वर्षे संपत आली की दोघांनी आय-७५१ अर्ज करून संसार खरा असल्याचे पुन्हा दाखवायचे. म्हणजे लग्नाची खरी परीक्षा पती-पत्नी एकत्र राहत असताना घ्यायची, असे कायदाच मानतो, आणि ते शहाणपणाचे आहे. कारण आधीच्या टप्प्यावर पुरावा म्हणून काय मागितले जाते ते पाहा : एकत्रित बँक खाते, दोघांच्या नावाचा भाडेकरार, एकाच पत्त्यावर येणारी बिले. जी पत्नी साताऱ्यात आहे आणि जिचा नवरा टेक्सासमध्ये, तिने हे आणायचे कुठून? विवाह नोंदणीचा दाखला, लग्नाचे फोटो, पत्रिका, विमानाची तिकिटे, फोनवरचे संदेश एवढेच तिच्या हाती असते. ठरवून झालेल्या लग्नात आधीच्या सहवासाच्या खुणाही कमी असतात. जोडप्याला जितके जास्त काळ वेगळे ठेवावे, तितका सहजीवनाचा पुरावा विरळ होत जातो. विलंबाने तपास पक्का होत नाही, उलट तपासायला मिळणारी सामग्रीच कमी होते.

दुसरा आक्षेप मनुष्यबळाचा आणि पैशाचा. सरकारकडे अधिकारी कमी, अर्ज फार, मग वेळ लागणारच. हा आक्षेप करदात्यांच्या पैशाशी जोडला जातो, पण हे अर्ज हाताळणारी यूएससीआयएस ही संस्था मुख्यतः अर्जदारांच्या फीवरच चालते. आय-१३० ची कागदी अर्जाची फी एप्रिल २०२४ मध्ये ५३५ डॉलरवरून ६७५ डॉलर झाली. म्हणजे जो थांबतो, त्यानेच कामाचे पैसे आगाऊ भरलेले असतात. तीच संस्था एच-१बी साठी जादा फी घेऊन ‘प्रीमियम प्रोसेसिंग’ देते आणि पंधरा कामकाजी दिवसांत कारवाई झाली नाही तर ती जादा फी परत करते. मुदत पाळणे या यंत्रणेला जमते, आणि मुदत चुकली तर किंमत मोजण्याची व्यवस्थाही तिच्याकडे तयार आहे. जोडीदाराच्या अर्जाला ही सोय नाही. ती विकत मिळावी असे मी म्हणत नाही. पैसेवाल्यांची वेगळी रांग झाली तर बाकीच्यांची आणखी लांबेल. पण कंपनीला हवा असलेला माणूस पंधरा दिवसांच्या मुदतीत आणि पत्नी मात्र मुदतीविना, हा अग्रक्रम कोणीतरी निवडलेला आहे. कामाच्या ओझ्यातून तो आपोआप निघालेला नाही.

या काळात थांबणाऱ्या व्यक्तीवर काय बंधने येतात, याचा विचार आक्षेप घेणारे फारसा करत नाहीत. अमेरिकी कायद्याच्या २१४(बी) कलमानुसार व्हिसा मागणारा प्रत्येक परदेशी माणूस कायमचा राहायलाच निघाला आहे असे आधी गृहीत धरले जाते. तसे नाही हे त्याने सिद्ध करायचे. एच-१बी आणि एल-१ हे ठळक अपवाद. आय-१३० दाखल झाला की पत्नीचा कायम राहण्याचा इरादा सरकारदरबारी लेखी नोंदला जातो. मग पंधरा दिवस नवऱ्याला भेटायला जाण्यासाठी पर्यटक व्हिसा मागितला तरी तो नाकारला जाण्याची शक्यता फार, आणि विद्यार्थी व्हिसाचेही तसेच. इकडे नोकरी बदलावी की नाही, एम.ए. ला प्रवेश घ्यावा की नाही, सासरी राहायचे की माहेरी, मूल कधी, हे सारे निर्णय एका न कळवलेल्या तारखेवर टांगलेले राहतात. दोन वर्षे थांबा असे आधी सांगितले तर माणूस त्या दोन वर्षांची आखणी करू शकतो. किती थांबायचे हेच सांगितले नाही, तर तीच दोन वर्षे वाया जातात.

तिसरा आक्षेप मला सर्वांत वजनदार वाटतो : कोणाला आत घ्यायचे हे ठरवणे सार्वभौम देशाचे काम आहे, आणि परदेशी जोडीदार आणण्याचा मूलभूत हक्क कोणालाच नाही. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने जून २०२४ मध्ये डिपार्टमेंट ऑफ स्टेट विरुद्ध मुन्योझ या खटल्यात सहा विरुद्ध तीन मतांनी जवळपास हेच म्हटले. परदेशी पतीला प्रवेश मिळावा हा नागरिक पत्नीचा घटनात्मक स्वातंत्र्याचा हक्क होत नाही, असा तो निर्णय. तो मान्य करूनही मुदतीची मागणी टिकते. नकार देण्याचा अधिकार वेगळा आणि उत्तरच न देण्याचा अधिकार वेगळा. शिवाय संसदेने काय म्हटले आहे? ऑक्टोबर २००० मध्ये अमेरिकी काँग्रेसने कायद्यात लिहून ठेवले की स्थलांतराचे अर्ज १८० दिवसांत निकाली निघावेत असे तिचे मत आहे. ‘मत’ असल्यामुळे ते न्यायालयांत बंधनकारक ठरत नाही. विलंबाविरुद्ध मँडेमसचा, म्हणजे निर्णय देण्यास सरकारला भाग पाडण्याचा, दावा लावता येतो, पण तिथे न्यायाधीश ‘वाजवी’ काळ किती हे प्रत्येक प्रकरणात नव्याने तोलतात, आणि वकिलाचा खर्च सगळ्यांना परवडत नाही.

सार्वभौमत्व न सोडता मुदत घालता येते, हे युरोपने दाखवले आहे. कुटुंबाच्या एकत्रीकरणाविषयीच्या २००३ च्या युरोपीय निर्देशानुसार शक्य तितक्या लवकर आणि कोणत्याही परिस्थितीत नऊ महिन्यांत अर्जदाराला लेखी निर्णय कळवावा लागतो. प्रकरण गुंतागुंतीचे असेल तरच अपवाद म्हणून मुदत वाढते, आणि नकाराची कारणे द्यावी लागतात. या नियमातही उणीव आहे. नऊ महिने उलटून गेले तर पुढे काय, हे प्रत्येक देशाच्या कायद्यावर सोडले आहे. कॅनडाने डिसेंबर २०१६ मध्ये जोडीदारांचे बहुतेक अर्ज बारा महिन्यांत निकाली काढण्याचे मानक जाहीर केले. तेही प्रशासकीय लक्ष्यच, हक्क नव्हे, आणि ते नेहमी पाळले गेलेले नाही. तरी जाहीर केलेल्या आकड्यावर सरकारला जाब विचारता येतो. मुदतीच्या दडपणाखाली अधिकारी घाईने नकार देतील, ही भीती अनाठायी नाही. म्हणून मुदत संपल्यावर आपोआप मंजुरी किंवा आपोआप नकार, यांतले काहीच मला योग्य वाटत नाही. मुदत संपली की बाकीची प्रतीक्षा जोडीदाराजवळ राहून करता यावी, एवढाच परिणाम हवा. तसे झाले तर घाईने नकार देण्याचे कारण अधिकाऱ्याला उरत नाही आणि चौकशीही चालू राहू शकते.

हे सगळे माहीत असूनच लग्न केले ना, असेही विचारले जाते. पण माहीत असते ते काय? व्हिसा बुलेटिनची तारीख पुढे जाते तशी मागेही जाते. २०२२ मध्ये ‘करंट’ गट पाहून लग्न ठरवणाऱ्याला २०२३ मध्ये आपण रांगेत असू हे कळण्याचा कोणताही मार्ग नव्हता.

प्रतीक्षा सोबत राहून करू द्यावी, ही कल्पना अमेरिकेच्या कायद्याला परकी नाही. डिसेंबर २००० मध्ये ‘लाइफ’ नावाच्या कायद्याने नेमके याच कामासाठी व्ही व्हिसा निर्माण केला. कार्डधारकाच्या जोडीदाराचा अर्ज तीन वर्षे अडकला असेल, तर तिने अमेरिकेत यावे, काम करावे आणि तिथे राहून पाळी येण्याची वाट पाहावी. ही तरतूद रद्द झालेली नाही, आजही कायद्याच्या पुस्तकात आहे. पण २१ डिसेंबर २००० पर्यंत दाखल झालेल्या अर्जांनाच ती लागू आहे, त्यामुळे आज तिचा लाभ जवळपास कोणालाच होत नाही. ती तारीख काढून टाकावी, तीन वर्षांच्या जागी एक वर्ष घालावे आणि कोट्याइतकाच कार्यालयीन विलंबही तीत मोजावा, एवढी दुरुस्ती पुरेशी आहे. कोट्यातली एकही जागा त्यासाठी वाढवावी लागत नाही. नागरिकांच्या जोडीदारांसाठी त्याच कायद्याने के-३ व्हिसा आणला होता, तो आज जवळजवळ वापरात का नाही, ते पुढच्या लेखांकात पाहू.