टेस्ट द्यायचीय? आधी स्क्रीन बघा!

‘अभिनंदन! तुमचा अर्ज शॉर्टलिस्ट झाला आहे. ४८ तासांत खालील लिंकवर टेस्ट पूर्ण करा.’ असा मेल आला की आपण काय करतो? मेल मोबाइलवर वाचलेला असतो, लिंकही तिथेच असते. अंगठा आपोआप तिच्यावर पडतो! लोकलमध्ये सीट मिळालीय, अर्धा-पाऊण तास मोकळा आहे, उरकून टाकू... नोकरी बदलायच्या मूडमध्ये असलेल्या माझ्या ग्रुपमध्ये हे सर्रास चालतं.

पण तीच टेस्ट, तोच उमेदवार. मोबाइलवर दिली काय अन् कॉम्प्युटरवर दिली काय, मार्क सारखेच पडतात? मी जरा शोधाशोध केली. उत्तर आहे, टेस्ट कसली आहे त्यावर!

स्वभाव सेम, हिशेब वेगळा

विनफ्रेड आर्थर आणि सहकाऱ्यांचा एक अभ्यास २०१४ साली ‘इंटरनॅशनल जर्नल ऑफ सिलेक्शन अँड असेसमेंट’मध्ये आला. नोकरीसाठी ऑनलाइन टेस्ट दिलेल्या ३० लाखांहून अधिक अर्जदारांचा डेटा त्यात होता. ‘मला टीममध्ये काम करायला आवडतं, सहमत की असहमत?’ टाइपच्या, स्वभाव जोखणाऱ्या टेस्टमध्ये दोन्हीकडचे मार्क जवळपास सारखेच. बुद्धीचा कस बघणाऱ्या टेस्टमध्ये मात्र मोबाइलवाले मागे!

अर्थात, टेस्ट कशावर द्यायची हे अर्जदारांनीच ठरवलं होतं. त्यामुळे सगळं खापर मोबाइलवर फोडता येत नाही. नंतरच्या सगळ्याच अभ्यासांत एवढा फरक दिसला नाही, आणि मोबाइल डोळ्यांसमोर ठेवून बनवलेल्या टेस्टमध्ये तो बराच कमी होऊ शकतो.

मग फरक पडतो कुठे? आर्थर, कीझर आणि डोव्हरस्पाइक यांनी २०१८ साली चार गोष्टी मांडल्या. स्क्रीनचा आकार, स्क्रीनवरची गर्दी, उत्तर द्यायची पद्धत (बोट की माउस) आणि टेस्ट कुठेही बसून देण्याची मुभा. म्हणजे ट्रेनमधला गोंगाटही आलाच!

मी एक सराव टेस्ट दोन्हीकडे देऊन बघितली. बार ग्राफचा प्रश्न लॅपटॉपवर एका नजरेत मावला. मोबाइलवर ग्राफ वर, प्रश्न खाली, पर्याय त्याहून खाली. आकडा डोक्यात धरून खाली यायचं, विसरला की परत वर! गणित कठीण नव्हतं, पण डोक्याची निम्मी ताकद स्क्रोलिंगमध्येच गेली. त्यात वर घड्याळ पळतंय...

हे घड्याळ फार महत्त्वाचं. मीड आणि ड्रासगो यांनी १९९३ साली कागदावरच्या आणि कॉम्प्युटरवरच्या टेस्टची तुलना केली होती. दोन्हीकडचे मार्क तंतोतंत जुळले तर आकडा १. जिथे वेगाला महत्त्व नव्हतं तिथे तो ०.९७ आला आणि जिथे सगळा खेळ वेगाचाच, तिथे ०.७२. थोडक्यात, घाई आली की माध्यमाचा फरक पडतो.

लॅपटॉपच नसेल तर?

‘मग कॉम्प्युटरवर द्या की!’ असं म्हणणं सोपं आहे. राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या २०१७-१८च्या पाहणीत शहरी भागातल्या २३.४ टक्के आणि ग्रामीण भागातल्या अवघ्या ४.४ टक्के घरांत कॉम्प्युटर होता. माझी एक मैत्रीण साताऱ्याकडच्या गावातून पुण्यात आली, पीजीत राहायची. पहिल्या नोकरीच्या सगळ्या टेस्ट तिने मोबाइलवर दिल्या. लॅपटॉप घ्यायला पगार हवा आणि पगार मिळायला टेस्ट पास व्हायला हवी, असं तिचं त्रांगडं! नुसता स्कोअर बघून तो सहा इंची स्क्रीनवरचा की पंधरा इंची, हे कळत नाही. कट-ऑफ मात्र सगळ्यांना एकच.

म्हणूनच कंपन्यांनी मेलमध्ये स्पष्ट लिहायला हवं, की टेस्ट कशावर द्यावी, किती वेळ लागेल आणि साधन नसेल तर काय सोय आहे. दोन ओळींचं तर काम आहे!

तोपर्यंत हे करा

* मेल मोबाइलवर वाचा, पण टेस्ट लगेच सुरू करू नका. आधी सूचना आणि शेवटची तारीख बघा.
* स्वभावाचे प्रश्न मोबाइलवर चालतील. वेळ लावलेलं रिझनिंग, ग्राफ, लांबलचक उतारे असतील तर कॉम्प्युटर गाठा. मित्राचा लॅपटॉप, कॉलेजची लॅब, काहीही! वेबकॅम लागणार का, ते आधी तपासा.
* मोबाइलच असेल, तर त्याच मोबाइलवर सराव टेस्ट द्या. चार्जिंग फुल, कॉल-नोटिफिकेशन बंद, कच्च्या कामाला कागद जवळ. मध्येच व्हॉट्सअ‍ॅप उघडू नका, काही टेस्टमध्ये त्याचीही नोंद होते.
* शंका असेल तर एचआरला मेल टाका. विचारण्यात कमीपणा कसला?

इंटरव्ह्यूला जाताना आपण शर्टाला इस्त्री करतोच ना? मग टेस्टला बसण्याआधी स्क्रीनचाही विचार करायला काय हरकत आहे!