शाळिग्राम आणि हिमालयांतील समुद्र

कार्तिकांत तुळशीचें लग्न लागतें, तेव्हां कित्येक घरांत वर म्हणून बाळकृष्ण अथवा शाळिग्राम मांडतात. गोंदिया जिल्ह्यांतील सडक अर्जुनीसारख्या गांवीं देवघरांत असा शाळिग्राम असेल, तर तो भोंवतालच्या भूमींतला नव्हे. आमगांवच्या नांवानें ओळखले जाणारे त्या जिल्ह्यांतील पुरातन खडक दोनशें कोटि वर्षांहून जुने आहेत. शंखशिंपल्यांचे प्राणी पृथ्वीवर अवतरण्यापूर्वींच ते घडले. मग हा दगड येतो कोठून?

तो येतो नेपाळांतील काली गंडकीच्या पात्रांतून. मुक्तिनाथाच्या परिसरांत ही नदी काळ्या, ठिसूळ मृत्पाषाणाचे थर कापीत वाहते. हेच थर हिमाचल प्रदेशांतील स्पिती खोऱ्यांतही आहेत. त्यावरून त्यांस ‘स्पिती शेल’ म्हणतात. १८६०-७० च्या दशकांत फर्डिनांड स्टॉलिच्का या भूशास्त्रज्ञानें त्या खोऱ्यांत संशोधन केलें. पुढें व्हिक्टर ऊलिग यांनीं १९०३ ते १९१० या काळांत तेथील जीवाश्मांचें सविस्तर वर्णन प्रसिद्ध केलें.

हे थर म्हणजे सुमारें १५ कोटि वर्षांपूर्वीं समुद्रतळाशीं सांचलेला चिखल होय. त्या समुद्रास एडुआर्ड सुएस यांनीं १८९३ सालीं ‘टेथिस’ हें नांव दिलें. त्यांत अमोनाइट नांवाचे प्राणी राहत. ते माकूळ व अष्टपाद यांचे दूरचे आप्त. त्यांचें कवच वेटोळ्याचें असून आंत पडदे घालून कप्पे केलेले असत. प्राणी शेवटच्या कप्प्यांत राही. मागील कप्प्यांतील वायूमुळें तो पाण्यांत तरंगूं शके. मेल्यावर तो चिखलांत रुतला कीं, कुजणाऱ्या मांसामुळें भोंवतीं रासायनिक बदल होत आणि क्षार जमून कठीण गोळा तयार होई. नदी मऊ थर झिजवून नेते आणि हे गोळे मागें उरतात. ते फुटले कीं आंत कवचाचा ठसा दिसतो. शाळिग्रामावरील ‘चक्र’ तें हेंच.

परंतु समुद्रतळ इतक्या उंचीवर कसा गेला? हिंदुस्थानचा भूखंड उत्तरेस सरकत सरकत सुमारें ५ कोटि वर्षांपूर्वीं आशियास भिडला. मधला समुद्र मिटला आणि त्याच्या तळाच्या घड्या पडून त्या वर उचलल्या गेल्या. एव्हरेस्टचें शिखरही समुद्रांत घडलेल्या चुनखडीचेंच आहे, आणि ती तर या शेलहून कितीतरी जुनी आहे.

आज स्पितींत प्रवाशांस असे दगड विकावयास दाखवितात. श्रोत्यांपैकीं कोणी तिकडे गेल्यास त्यांनीं ते पाहावेत, परंतु उचलून आणूं नयेत. कोणता जीव कोणाआधीं होऊन गेला, हें थरांच्या क्रमावरून ठरतें. थरांतून उपटलेला जीवाश्म घरांत शोभा देईल. आपला काळ मात्र त्याला पूर्वीसारखा नेमका सांगतां येणार नाहीं.