श्वानाची निवड : रूपाआधी स्वभाव

घरात कुत्रा आणायचे ठरले की चर्चा रंगते ती त्याच्या रंगाची, केसांची आणि किमतीची. पिल्लाचा स्वभाव आणि घराचा दिनक्रम यांचा विचार बहुधा मागे पडतो. वास्तविक प्रशिक्षण सुकर होते ते या दोहोंचा मेळ बसल्यावरच. तो न बसल्यास ‘हा ऐकतच नाही’ अशी तक्रार सुरू होते आणि कित्येकदा त्या मुक्या जिवाला घराबाहेर काढण्यापर्यंत मजल जाते.

जातीमागचे काम

बहुतेक जाती कोणत्या ना कोणत्या कामासाठी घडवल्या गेल्या. लॅब्रॅडॉरचे पूर्वज न्यूफाउंडलंडच्या थंड किनाऱ्यावर मच्छीमारांना जाळी ओढण्यास मदत करीत. वस्तू तोंडात धरून आणणे लॅब्रॅडॉरला जणू उपजतच येते आणि खाऊच्या आशेने तो लवकर शिकतो. इंग्लंड-स्कॉटलंडच्या सीमाभागातील बॉर्डर कोली शिटीच्या इशाऱ्यावर मेंढ्यांचा कळप वळवतो. बुद्धी तल्लख, पण काम न मिळाल्यास तो घरातील मुलांनाच वळू लागतो. बीगल वासावरून सशाचा माग काढणारा. माग लागला की त्याला मालकाची हाकही ऐकू येत नाही. हा उद्धटपणा नव्हे, पिढ्यान्‌पिढ्यांचा संस्कार होय. भारतीय टपाल खात्याने २००५ मध्ये ज्याच्यावर तिकीट काढले, तो कर्नाटकातील मुधोळ नजरेने सावज हेरून धावणारा. रोज मोकळे धावायला न मिळाल्यास त्याची घुसमट होते.

जात म्हणजे सर्वस्व नव्हे

तथापि जातीवर सर्वस्वी विसंबणेही योग्य नाही. अमेरिकेत १८ हजारांहून अधिक कुत्र्यांच्या माहितीवर आधारलेले संशोधन २०२२ मध्ये प्रसिद्ध झाले. कुत्र्याकुत्र्यांच्या वर्तनातील फरकांपैकी केवळ ९ टक्क्यांच्या आसपास फरक जातीमुळे स्पष्ट होतात, असे त्यात आढळले. म्हणून प्रत्यक्ष पिल्लू पाहावे; शक्य तर त्याची आईही पाहावी. किल्ल्यांचा जुडगा खाली पडताच ते दचकून कोपऱ्यात दडते, की क्षणभर थबकून हुंगायला येते? दडणाऱ्यास शांत घर आणि मृदू आवाज हवा. इतरांना ढकलून पुढे येणाऱ्यास ठाम, नियमाने वागणारा मालक हवा. वयाच्या साधारण तिसऱ्या ते चौदाव्या आठवड्यांत पिल्लाची जगाशी ओळख होत असते. आठ आठवडे तरी ते आईजवळच राहू द्यावे.

आधी स्वतःकडे पाहावे

पहाटे धावायला जाणाऱ्या तरुणाला चपळ कुत्रा शोभेल. दिवसभर कुलूपबंद राहणाऱ्या घरात अवखळ पिल्लू आणणे मात्र दोघांनाही जाच ठरेल. निवृत्त दांपत्याने निवारा केंद्रातील प्रौढ देशी कुत्रा घेण्याचा अवश्य विचार करावा. त्याचा स्वभाव घडलेला असतो आणि आधीच पारखता येतो. कुत्रा कोणताही असो, आज्ञेचा शब्द घरातील सर्वांनी एकच वापरावा, आज्ञा पाळताच बक्षीस द्यावे, धडा पाच-दहा मिनिटांचाच ठेवावा आणि मारहाण टाळावी. भीतीने कुत्रा दबतो, शिकत नाही.

ठेव ठेवताना आपण आपली गरज, मुदत आणि जोखीम पेलण्याची कुवत तपासतो. येथे मुदत बारा-पंधरा वर्षांची आहे आणि ही ठेव मुदतीपूर्वी मोडण्याचा विचारही मनात आणू नये.